गरोदरपणाचे पहिले बारा आठवडे: त्रास आणि काळजी यांना कोणत्या क्रमाने सामोरे जावे

पाळी चुकली की त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घेतली जाते, ठोके दिसत नाहीत म्हणून घरात रडारड होते आणि दहा दिवसांनी तीच सोनोग्राफी व्यवस्थित निघते. लोहाची गोळी पहिल्याच दिवसापासून सुरू होते, उलट्या वाढतात आणि मग फॉलिक ॲसिडसकट सगळ्याच गोळ्या कपाटात जातात. मळमळीचे औषध उलटी होऊन गेल्यावर घेतले जाते आणि ‘त्याचा काही उपयोग नाही’ असे ठरवून सोडून दिले जाते. या तिन्ही घटनांत औषध बरोबर होते, तपासणीही बरोबर होती. चुकली ती वेळ. पहिल्या तिमाहीतल्या तक्रारींचे बरेचसे असेच आहे. आज नेमका कितवा आठवडा चालू आहे हे ठाऊक असल्याशिवाय कोणत्याही लक्षणाचा अर्थ लावता येत नाही, आणि म्हणून पुढचे सगळे टप्पे तारखेपासून सुरू होतात.

हे मार्गदर्शन सर्वसाधारण गरोदरपणासाठी आहे. मधुमेह, रक्तदाब, फिट्स, हृदयविकार, थायरॉइड यांपैकी काही असेल किंवा यापूर्वी गर्भाशयाऐवजी नळीत (गर्भनलिकेत) गर्भ राहिला असेल, तर पहिला फोन डॉक्टरांना करावा आणि हा लेख त्यानंतर वाचावा.

तयारी: टप्पे सुरू करण्यापूर्वी

एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमधल्या ॲपपेक्षा वही बरी, कारण रात्री दोन वाजता दवाखान्यात जायची वेळ आली तर ती कुणाच्याही हातात देता येते. पहिल्या पानावर शेवटच्या पाळीची तारीख, पाळीचे चक्र साधारण किती दिवसांचे, रक्तगट, यापूर्वीची बाळंतपणे आणि गर्भपात, झालेली ऑपरेशने, चालू असलेली औषधे आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, एवढे लिहून ठेवा. दुसऱ्या पानावर डॉक्टरांचा क्रमांक, आशाताईंचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ आणि रात्रीसुद्धा सोनोग्राफी व ऑपरेशनची सोय असलेले जवळचे रुग्णालय यांची नोंद करा. हे रुग्णालय कोणते, ते दिवसा आणि शांत डोक्याने शोधून ठेवायचे असते. घरात तापमापक नसेल तर तोही आणून ठेवा.

आता ‘तीन महिने कुणाला सांगायचे नाही’ या प्रथेविषयी. नातेवाइकांना आणि सोसायटीला सांगायचे की नाही, हा तुमचा प्रश्न आहे. परंतु दोन माणसांना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात ठाऊक असली पाहिजे: घरातले एक माणूस, आणि कामाच्या ठिकाणचे किंवा शेजारचे दुसरे. सर्वाधिक मळमळ, सर्वाधिक थकवा आणि गर्भपाताचा सर्वाधिक धोका याच तीन महिन्यांत असतो, आणि नेमक्या याच काळात स्त्रीने एकटीने सगळे सोसावे अशी ही प्रथा होऊन बसली आहे. ती या बाबतीत मोडलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप्पा १: तारीख निश्चित करा

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात. संबंधाच्या दिवसापासून किंवा पाळी चुकलेल्या दिवसापासून मोजल्यास हिशेब चुकतो. ज्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते, त्यांची पाळी चुकते त्या दिवशी चार आठवडे पूर्ण झालेले असतात. प्रसूतीची अंदाजे तारीख काढण्यासाठी त्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवावेत. शेवटची पाळी १० जूनला आली असेल, तर तारीख १७ मार्च येते.

हा हिशेब अठ्ठावीस दिवसांच्या चक्राचा आहे. चक्र पस्तीस दिवसांचे असेल, तर गर्भधारणा साधारण आठवडाभर उशिरा झालेली असते आणि सोनोग्राफीत गर्भ तितकाच लहान दिसतो. ‘वाढ मागे आहे’ हे वाक्य ऐकून घाबरलेल्या अनेक स्त्रियांच्या बाबतीत कारण एवढेच असते. शेवटची पाळी नेहमीपेक्षा फारच कमी गेली असेल, तर ती कदाचित पाळी नसेलच. अशा वेळी तिच्या आधीच्या पाळीची तारीखही लिहून ठेवावी.

घरच्या चाचणीसाठी सकाळची पहिली लघवी घ्यावी आणि किटवर लिहिलेल्या वेळेतच, म्हणजे बहुधा पाच मिनिटांनी, निकाल वाचावा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नसते. निकाल नकारार्थी असूनही पाळी आली नाही, तर तीन-चार दिवसांनी पुन्हा चाचणी करावी, कारण चाचणीत ओळखले जाणारे संप्रेरक सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी सुमारे दुप्पट होत असते. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळते.

तपासून पाहा: वहीत ‘आज माझा … आठवडा चालू आहे’ हे वाक्य आकड्यासह लिहिता येते का? तारीख आठवत नसेल, मूल अंगावर पीत असेल किंवा पाळी अनियमित असेल, तर अंदाजे आकडा लिहू नका. ‘तारीख अनिश्चित’ असे लिहा आणि डॉक्टरांना तसेच सांगा.

टप्पा २: बारा आठवड्यांच्या आत नोंदणी आणि पहिली भेट

नोंदणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या प्रसूतिगृहात किंवा खासगी दवाखान्यात करता येते. खासगीत नाव घातले असले तरी आशाताई किंवा परिचारिकेकडून माता व बाल संरक्षण कार्ड करून घ्यावे. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत जे ५,००० रुपये मिळतात, त्यांनाही या नोंदणीचा आधार लागतो.

पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवी, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. थायरॉइडची तपासणी होत नसेल तर तिच्याविषयी विचारावे. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर तो रक्तक्षय होय. विदर्भातील, तसेच नंदुरबार, पालघर या भागांतील कुटुंबांनी सिकलसेलची, म्हणजे रक्तातील एका आनुवंशिक दोषाची, तपासणी याच वेळी करून घ्यावी, कारण आईमध्ये हा दोष आढळला तर वडिलांची तपासणी लगेच करावी लागते आणि त्या निर्णयांना पुरेसा वेळ लागतो. रक्तगट आरएच निगेटिव्ह निघाल्यास तो वहीच्या मुखपृष्ठावरच मोठ्या अक्षरांत लिहा. त्याचे कारण सहाव्या टप्प्यात येईल.

येथे होणारी मोठी चूक म्हणजे अर्धवट माहिती देणे. सासूबाई किंवा पती शेजारी बसलेले असतात आणि पूर्वीचा गर्भपात, घेतलेल्या गोळ्या किंवा मानसिक आजारावरील औषधे यांविषयी बोलता येत नाही. ‘डॉक्टर, मला दोन मिनिटे एकटीला बोलायचे आहे’ असे म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तेही जमत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून परिचारिकेच्या हातात द्यावे.

टप्पा ३: गोळ्यांचा क्रम

पहिल्या बारा आठवड्यांची मुख्य गोळी फॉलिक ॲसिडची. नेहमीचे प्रमाण रोज ४०० मायक्रोग्रॅम असते. मधुमेह किंवा फिट्सचा आजार असेल, अथवा आधीच्या बाळाच्या मणक्यात किंवा मेंदूत दोष असेल, तर डॉक्टर अधिक प्रमाणात देतात. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया सहाव्या आठवड्याच्या सुमारास बंदिस्त होतो, त्यामुळे ही गोळी पहिल्या भेटीपर्यंत लांबवू नये.

लोहाची गोळी सरकारी कार्यक्रमातही चौथ्या महिन्यापासून सुरू होते आणि पुढे १८० दिवस चालते, कॅल्शियमचेही तसेच. हिमोग्लोबिन फार कमी असेल तरच डॉक्टर लोह आधी सुरू करतात. नातेवाइकांनी आणलेली ‘ताकदीची’ गोळी पहिल्या तिमाहीत घेतली की पोट बिघडते आणि मळमळ वाढते. म्हणून डब्यावर लोह लिहिलेले असल्यास ती बाजूला ठेवावी आणि विचारून घ्यावी.

आधीपासून चालू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. थायरॉइड, दमा आणि फिट्स यांची औषधे अचानक थांबवणे आई आणि बाळ दोघांसाठी घातक ठरू शकते. काही औषधे बदलावी लागतात, पण तो बदल डॉक्टर करतात. फोन त्याच दिवशी करावा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मात्र तत्काळ थांबवून कळवावे, कारण त्यांनी बाळात गंभीर दोष निर्माण होतात. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नये. ताप किंवा डोकेदुखीसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घेता येते. आयुर्वेदिक काढे आणि गोळ्या हीसुद्धा औषधेच आहेत. त्यांची नावे वहीत असली पाहिजेत.

इशारा: मुलगाच व्हावा म्हणून दिली जाणारी पुडी किंवा वड्या कोणीही दिल्या तरी घेऊ नका. बाळाचे लिंग गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेले असते. त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

दुसरा इशारा मिश्रीचा आहे. दात घासण्याच्या निमित्ताने लावलेली मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच असते, आणि मळमळ कमी होते म्हणून गरोदरपणात ती वाढवणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे आहेत. तंबाखूमुळे बाळाचे वजन कमी भरते. सवय जुनी असल्यास लाजू नये. परिचारिकेला सांगून ती सोडण्यासाठी मदत घ्यावी.

टप्पा ४: पहिली सोनोग्राफी योग्य आठवड्यात करा

पाचव्या आठवड्यात बहुधा फक्त गर्भाची पिशवी दिसते. ठोके साधारण सहा ते साडेसहा आठवड्यांनंतर, आणि तेही योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत दिसू लागतात. पोटावरून ते आणखी उशिरा दिसतात. म्हणून काही तक्रार नसेल, तर सातव्या-आठव्या आठवड्यात जाणे उत्तम. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीने गर्भ पडत नाही. ती सुरुवातीच्या काळात अधिक स्पष्ट दिसते, म्हणून केली जाते.

याला अपवाद आहेत. पोटात दुखत असेल, अंगावरून लाल जात असेल, आधी नळीत गर्भ राहिला असेल, नळीचे ऑपरेशन झालेले असेल किंवा तांबी बसवलेली असूनही दिवस गेले असतील, तर आठवडा मोजत बसू नये. तेव्हा प्रश्न ठोक्यांचा नसतो. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे पाहायचे असते.

माझी पहिली सोनोग्राफी पाच आठवडे तीन दिवसांना झाली होती आणि रिपोर्टवर ‘ठोके आढळले नाहीत’ एवढेच लिहून आले होते. पुढच्या तपासणीपर्यंतचे अकरा दिवस मी ज्या अवस्थेत काढले, ते कुणाच्याही वाट्याला येऊ नयेत म्हणून पुढचे आकडे देत आहे. डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असूनही ठोके नसणे, अथवा पिशवीचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर किंवा अधिक असूनही आत गर्भ न दिसणे, या स्थितींत गर्भ वाढत नसल्याचे निदान करता येते. आकडे याहून कमी असतील, तर एका सोनोग्राफीवर निर्णय होत नाही. सात ते चौदा दिवसांनी पुन्हा पाहायचे असते.

इशारा: आकडे या मर्यादेच्या आत असताना कोणी लगेच क्युरेटिंग किंवा गर्भपाताच्या गोळ्या सुचवल्या आणि तुमची प्रकृती स्थिर असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

तपासून पाहा: रिपोर्टवर गर्भ गर्भाशयात असल्याचे लिहिले आहे का, गर्भ एक आहे की दोन, आणि सोनोग्राफीनुसार आठवडे किती? या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. बाळाचे लिंग विचारू नये. १९९४ च्या कायद्यानुसार ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे.

टप्पा ५: मळमळ आणि उलट्या

मळमळ साधारण सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्याच्या आसपास सर्वाधिक असते आणि बारा ते सोळा आठवड्यांत बहुतेकींची ओसरते. ती सकाळीच होते असे नाही. कित्येकींना संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी ती अनावर होते. रिकामे पोट आणि वास ही तिला वाढवणारी दोन कारणे आहेत, आणि पुढचा क्रम या दोघांना धरूनच आहे.

१. तयारी आदल्या रात्री करावी. उशाशी एका घट्ट झाकणाच्या डब्यात कुरमुरे, साळीच्या लाह्या, खाकरा किंवा टोस्ट ठेवावा. झोपण्यापूर्वी थोडे दूध, मूठभर भाजलेले फुटाणे किंवा राजगिऱ्याचा लाडू खाल्ल्यास सकाळी पोट अगदी रिकामे राहत नाही.

२. जाग आल्यावर पडल्यापडल्याच दोन-चार घास कोरडे खावेत आणि पंधरा-वीस मिनिटांनी हळूहळू उठावे. उठल्याबरोबर चहा घेणे ही येथे सर्वांत जास्त होणारी चूक आहे. चहा या खाण्यानंतर घ्यावा, आणि दिवसभरात चहा-कॉफी मिळून दोन-तीन लहान कपांच्या आत ठेवावी.

३. दिवसभर दर दोन तासांनी थोडे खावे, भूक लागण्याची वाट पाहू नये. मऊ भात आणि मेतकूट, पेज, भाकरीचा पापुद्रा, उकडलेला बटाटा, केळे, दही-भात यांपैकी जे पोटात राहील ते योग्य. या तिमाहीत ‘दोघांचे जेवण’ जेवण्याची गरज नसते. आठवडाभर भाज्या गेल्या नाहीत म्हणून बाळाचे नुकसान होत नाही. ते अजून फारच लहान असते.

४. पाणी जेवणासोबत ढसाढसा पिऊ नये; दोन खाण्यांच्या मधे घोट घोट घ्यावे. साधे पाणी नकोसे वाटत असल्यास कोकम सरबत, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी, पातळ ताक किंवा शहाळे चालते. बर्फाचा खडा चोखणे पुष्कळींना जमते.

५. वासाचा बंदोबस्त करावा. लसणाची फोडणी, कुकरची वाफ, मासळी आणि अगरबत्ती ही नेहमीची कारणे. फोडणी दुसऱ्या कोणी तरी द्यावी, आणि हे लाड नसून उपचाराचा भाग आहे, हे घरातल्यांनी समजून घ्यावे. गरम अन्नापेक्षा गार झालेल्या अन्नाचा वास कमी येतो, म्हणून ताट वाढून थोड्या वेळाने खाल्लेले बरे. आल्याचा लहान तुकडा किंवा पातळ आल्याचे पाणी पुष्कळींना उपयोगी पडते. काढा उकळून घट्ट मात्र करू नये.

६. एवढ्यावर भागत नसेल तर डॉक्टर डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिन यांची एकत्र गोळी देतात. ती सावकाश काम करणारी असल्यामुळे रात्री झोपताना घेतलेल्या गोळीचा परिणाम सकाळी दिसतो. उलटी झाल्यावर घेऊन तिची परीक्षा करू नये, आणि एक दिवस घेऊन एक दिवस सोडू नये. तिने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी सांभाळावे.

७. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले दातांचे आवरण झिजते. पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून चुळा भराव्यात आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. हे पाणी प्यायचे नाही.

फॉलिक ॲसिडची गोळी सकाळी पोटात राहत नसेल, तर ती दुपारी किंवा रात्री, जी वेळ सर्वांत शांत जाते त्या वेळी घ्यावी.

डोहाळ्यांविषयी एक गोष्ट सहसा लपवली जाते. माती, पाटीवरची पेन्सिल, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणे हे पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. त्यात शरमेचे काही नाही. पुढच्या भेटीत ते सांगावे, आणि माती मात्र खाऊ नये, कारण तिच्यातून जंत होतात.

इशारा: चोवीस तास पाणीसुद्धा पोटात राहिले नाही, आठ तास लघवी झाली नाही किंवा ती गडद पिवळी होत आहे, उभे राहिल्यावर अंधारी येते, उलटीत रक्त दिसते, किंवा गरोदरपणापूर्वीच्या वजनात वीसाव्या भागाएवढी, म्हणजे ५० किलोच्या स्त्रीत अडीच किलोंची, घट झाली आहे, यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. ‘सगळ्यांनाच होते’ असे म्हणून हा त्रास अंगावर काढू नये. सलाईन लावावे लागणे ही हार नाही.

मळमळ अजिबात नसणे हेही सामान्य आहे, आणि एखाद्या दिवशी ती अचानक कमी होणे एवढ्यावरून काही वाईट घडले असे ठरत नाही. मुलगा की मुलगी याच्याशी तर तिचा हिशेब जोडूच नये.

टप्पा ६: अंगावरून लाल जाणे आणि पोटदुखी

सुमारे चारांपैकी एकीला पहिल्या तिमाहीत कधी ना कधी थोडेफार रक्त दिसते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक गरोदरपणे पुढे नीट चालतात. तरीही कोणतेही रक्त डॉक्टरांना न कळवता सोडायचे नसते. पुढचा क्रम पाठ असावा असा आहे.

१. आधी स्वच्छ पॅड लावा आणि वेळ लिहा. आत काहीही घालू नका.

२. रंग आणि प्रमाण पाहा: तपकिरी डाग, गुलाबी, की ताजे लाल, पॅड किती वेळात भिजते, गाठी आहेत का.

३. पोटात दुखते का, आणि कुठे? पाळीसारखे मधोमध मंद दुखणे वेगळे आणि एकाच बाजूला टोचल्यासारखे, वाढत जाणारे दुखणे वेगळे.

४. घेरी, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणे किंवा शौचाच्या जागी दाब यांपैकी काही आहे का? असल्यास येथे थांबा आणि १०८ लावा. नळीतला गर्भ फुटला की रक्त पोटात साठते. बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असू शकते. त्यामुळे बाहेर डागच आहेत म्हणून थांबणाऱ्या स्त्रिया जिवावरच्या संकटात सापडतात.

५. घेरी वगैरे नसेल, पण तासाला एक याप्रमाणे लागोपाठ दोन पॅड पूर्ण भिजले, कळा वाढल्या किंवा ताप आला, तरी लगेच रुग्णालयात जा. दुखणे नसून फक्त तपकिरी डाग असतील, तर त्याच दिवशी फोन करून चोवीस तासांच्या आसपास तपासून घ्या.

तपासून पाहा: गर्भ गर्भाशयात असल्याचा रिपोर्ट तुमच्याजवळ आहे का? नसेल, तर एका बाजूचे दुखणे नळीतल्या गर्भाचे असू शकते असेच धरून चालायचे. निघताना वही आणि तो रिपोर्ट सोबत घ्या. मांसल तुकडा पडला असेल, तर तो स्वच्छ डबीत घालून सोबत न्या.

रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास दाराशीच तसे सांगा. बाळाचे रक्त आरएच पॉझिटिव्ह असल्यास आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिकारद्रव्ये तयार होऊ शकतात; ते टाळण्यासाठी काही प्रसंगी अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते आणि ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यायचे असते.

आता काय करू नये ते. दुकानातून ‘गर्भ टिकवण्याचे’ इंजेक्शन किंवा गोळी परस्पर आणू नये. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक काही ठरावीक स्त्रियांना उपयोगी पडते आणि ती निवड डॉक्टरांनी करायची असते. महिनाभर पाय वर करून पडून राहिल्याने गर्भपात टळतो असे आढळलेले नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. रक्त थांबेपर्यंत जड काम आणि संबंध टाळावेत, एवढे पुरे.

आणि गर्भपात झालाच, तर पुढची चार वाक्ये घरातल्या प्रत्येकाने वाचावीत. निश्चित झालेल्या गरोदरपणांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांचा शेवट असा होतो. पहिल्या तिमाहीत याचे सर्वांत मोठे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे असते, आणि तो दोष कोणाच्याही वागण्याने आलेला नसतो. पाण्याची बादली उचलल्याने, एसटीच्या धक्क्यांनी, जिना चढल्याने किंवा पिकलेल्या पपईची फोड खाल्ल्याने तो झालेला नसतो. त्या स्त्रीला कारण विचारू नका. नोकरी करणाऱ्या स्त्रीस कायद्यानुसार गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. अर्ज पतीने लिहून द्यावा.

टप्पा ७: इतर किरकोळ त्रास

छातीत जळजळ होत असेल तर जेवल्यावर दोन तास आडवे होऊ नये, आणि वरचेवर सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घेऊ नये. बद्धकोष्ठतेसाठी पाणी, पेरू, भिजवलेले काळे मनुके आणि झोपताना इसबगोल पुरेसे असते. एरंडेल आणि सोनामुखी टाळावी. वारंवार लघवीला जावे लागणे स्वाभाविक आहे, पण जळजळ, दुर्गंधी किंवा थंडी वाजून येत असेल तर लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हावी. केवळ पाणी पिऊन हा संसर्ग जात नाही. अंगावरून पांढरे, पातळ आणि वास नसलेले जाणे सामान्य; खाज सुटत असेल किंवा रंग बदलला तर दाखवावे.

थकवा हा या काळातला सर्वांत कमी लेखला जाणारा त्रास आहे. दुपारी अर्धा तास आडवे व्हायला मिळेल अशी व्यवस्था करावी. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रियांना प्रवास करता येतो. पोट दिसत नसले तरी माता व बाल संरक्षण कार्ड जवळ ठेवून तो हक्क वापरावा. गरोदरपणामुळे आजारपण आल्यास कायद्याने एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा मिळते, पण डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

इशारा: ताप १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास, विशेषतः पावसाळ्यात, डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी करून घ्यावी.

टप्पा ८: काळजीची वेळ ठरवून द्या

काळजी करू नकोस, असे म्हटल्याने कोणाचीही काळजी गेलेली नाही. तिला दिवसातून एक ठरलेली वेळ दिली तर ती पुष्कळशी आवरते. संध्याकाळी वीस मिनिटे वही घेऊन बसावे. डाव्या बाजूला भीती लिहावी आणि उजव्या बाजूला आज प्रत्यक्ष काय आहे ते. ‘बाळाला काही झाले असेल’ हे डावीकडे; ‘नववा आठवडा, गेल्या सोमवारी ठोके दिसले, रक्त नाही, दुखणे नाही’ हे उजवीकडे. उजवी बाजू रिकामी राहिली, तर तो डॉक्टरांना विचारायचा प्रश्न; तो वहीच्या शेवटच्या पानावर जातो. दिवसभरात इतर वेळी भीती आली की ‘संध्याकाळी लिहीन’ असे स्वतःला सांगावे आणि खरोखर लिहावे.

लक्षणे इंटरनेटवर शोधण्याचा मोह रात्री सर्वांत जास्त होतो. रात्री नऊनंतर शोधायचे नाही, असा नियम करून फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सहाव्या टप्प्यातले इशारे वहीत असतील, तर रात्री आणखी काही शोधण्याची गरज पडत नाही.

यापूर्वी गर्भपात झालेल्या स्त्रीची भीती त्याच आठवड्याभोवती दाटते. दर आठवड्याला सोनोग्राफी करून ती जात नाही. तपासणीनंतर दोन दिवस बरे वाटते आणि पुन्हा सुरू होते. त्याऐवजी तो आठवडा कोणता हे डॉक्टरांना सांगून त्याच सुमारास एक तपासणी आधीच ठरवून ठेवावी.

पतीला ‘मला सांभाळ’ असे न सांगता कामे सांगावीत: सकाळचा डबा उशाशी ठेवणे, संध्याकाळची फोडणी, गोळ्यांची नोंद, तपासणीच्या दिवशी रजा. आई आणि सासूबाईंच्या सूचना परस्परविरोधी असतील, तर दोन्ही लिहून घ्याव्यात आणि पुढच्या भेटीत दोघींच्या देखत डॉक्टरांना विचाराव्यात.

इशारा: दोन आठवडे रोज उदास वाटणे, मळमळ नसतानाही झोप आणि जेवण तुटणे, कशातच रस न उरणे, स्वतःला संपवावेसे वाटणे ही नेहमीची काळजी नव्हे. डॉक्टरांना सांगावे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे.

बाराव्या आठवड्यात वही उघडून पाहायच्या गोष्टी

अकरा आठवड्यांपासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत बाळाच्या मानेमागच्या जाडीची सोनोग्राफी होते; तिच्यावरून गुणसूत्रांतील दोषांचा अंदाज घेतला जातो. ही मुदत टळली की ती करता येत नाही, म्हणून तारीख दहाव्याच आठवड्यात ठरवावी. धनुर्वाताच्या टीडी लसीचा पहिला डोस झाला का ते पाहावे. दुसरा चार आठवड्यांनी असतो. तेरा आठवडे पूर्ण झाले की लोहाची गोळी सुरू करावी, शक्यतो रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहा किंवा दुधासोबत घेऊ नये, आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. गोळी चालू असेपर्यंत शौचास काळे होऊ शकते. त्याने गोळी थांबवू नये.